लँटर्नमधलं शुक्रवारचं जेवण

बहरीनहून परत आले तेव्हा शाळेतल्या बायकांनी आधी माझे हात पाहिले, मग गळा. नवीन सोनं कुठे दिसेना, तेव्हा एकीने विचारलं, "मग दोन आठवडे केलंस तरी काय?" मी म्हटलं, "फुटबॉल पाहिला आणि दारूच्या गुत्त्यात बसून जेवले." सगळ्या हसल्या. मी खरं तेच सांगितलं होतं, फक्त अर्धं. उरलेलं इथे लिहिते आहे.

मी वसईची. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. नकाशात बहरीन दाखवायचं तर काठीचं टोकसुद्धा त्याच्यापेक्षा मोठं पडतं. त्या एवढ्याशा बेटावर माझे दोन धाकटे भाऊ राहतात आणि दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला आंतोन मनाम्यातल्या एका इंग्रजी पबात बारमन. त्याची बायको सेलिन तिथल्याच इस्पितळात नर्स. धाकटा पीटर वेल्डर, सलमाबादच्या एका वर्कशॉपात. दोघांमधलं अंतर गाडीने पाव तासाचं.

भांडणाचं कारण आमचे पपा. ते गेले तेव्हा पीटर अजून वसईतच होता आणि आंतोन बहरीनला. आंतोन मातीला आला नाही. पासपोर्ट व्हिसासाठी ऑफिसात अडकलाय, असं त्याने नंतर लिहिलं. पीटरने ते मानलं नाही. "इकडे आम्ही पपांना खांदा देत होतो आणि तिकडे तो बीअर ओतत होता," हे वाक्य त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढच्या वर्षी त्यालाही बहरीनचा व्हिसा मिळाला. तो तिथे गेला, पण भावाच्या दारात गेला नाही. आईने मला नाताळच्या सुट्टीला जोडून रजा काढायला लावली ती याचसाठी. सोबत दोन पोरांसाठी दोन सारखी गाठोडी दिली. सुके बोंबील, बाटलीतला मसाला, चिंच. कुणाला कमी-जास्त नको.

घरी आम्ही आमची बोली बोलतो. इथे सगळ्यांना कळेल अशा मराठीत ते बोलणं लिहिते आहे.

मनामा

विमानतळावरच बोंबलांनी घात केला. कस्टमच्या अधिकाऱ्याने बॅग उघडली आणि मागे सरला. मी इंग्रजी शब्द शोधत होते, तोवर त्याने चक्क हिंदीत विचारलं, "मच्छी है?" मी मान हलवली. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दोघांनी वास घेतला, अरबीत काहीतरी बोलून हसले. त्याचे आजोबा मोती विकायला मुंबईला जायचे, म्हणाला, आणि येताना अशीच दुर्गंधी घेऊन यायचे. मग त्याने स्वतःच्या हाताने गाठोडं बांधून दिलं. परक्या देशात पहिलं बोलणं माशांवरून झालं याचं मला बरं वाटलं. आमच्याकडेही ओळख तिथूनच सुरू होते.

आंतोनचा फ्लॅट उम्म अल हस्समला. डिसेंबरअखेरची हवा अशी गार, की सेलिनने मला स्वेटर दिला. वाळवंट म्हणजे ऊन, एवढंच मी मुलींना शिकवत आले होते. सकाळी सेलिन कोपऱ्यावरच्या भट्टीतून गरम खुबूस आणायची, आपल्या भाकरीपेक्षा मोठी आणि फुगलेली रोटी. ती आम्ही चहात बुडवून खायचो. सहा वर्षांची भाची शेरील माझं सगळं बोलणं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. मी मराठीत हट्टाने बोलत राहिले, ती इंग्रजीत हट्टाने. दोघींचं उत्तम चाललं होतं.

दुपारी सेलिन मला बाजारात घेऊन गेली. अरुंद गल्ल्या, वेलचीचा वास, गुजराती कापडवाले, आणि केशरी हलव्याच्या कढया. तो हलवा आपल्या माहीमच्या हलव्यापेक्षा मऊ आणि चमच्याला धरून बसणारा. एका दुकानदाराने मला चाखायला दिला आणि मी नको म्हणेपर्यंत देतच राहिला.

शनिवारी संध्याकाळी आंतोन म्हणाला, "बाय, चल, माझं काम बघ." धाकटे भाऊ मला बाय म्हणतात.

मी घाबरले होते. आमच्याकडे लग्नात दारू असते, तिचं मला नवल नाही. पण बाईमाणूस गुत्त्यात जाऊन बसत नाही. आंतोनने समजावलं, "तिथे बायकापोरं पण येतात. गावातल्या पारासारखं समज."

त्या पबचं नाव लँटर्न. एका लहान हॉटेलच्या तळमजल्यावर, बाहेरून काहीच न दिसणारा. आत पाऊल टाकलं आणि वाटलं, इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात आले. बुटकं छत, त्याला काळ्या लाकडी तुळया, पितळी कठडे, लाल गालिचा. तुळया तीनशे वर्षं जुन्या वाटत होत्या. आंतोनने हळूच सांगितलं की त्या कुडाळच्या एका सुताराने चार वर्षांपूर्वी प्लायवूडच्या केल्या आणि वर काळं पॉलिश मारलं. भिंतीवर जिकडेतिकडे फुटबॉल क्लबांचे मफलर. लाल, निळे, हिरवे, आणि त्यांच्याखाली अजून न काढलेल्या नाताळच्या पताका.

गर्दी मात्र अगदी शांत होती. बारच्या मधोमध एक मोठा रेडिओ ठेवला होता आणि सगळे त्याच्याकडे झुकले होते. लंडनहून सामन्याचं धावतं वर्णन यायचं. आवाज मध्येच पाण्यात बुडाल्यासारखा जायचा, सगळे श्वास रोखायचे, तो परत वर यायचा. मला आमच्या गल्लीत क्रिकेट ऐकायला जमणारी माणसं आठवली. ही माणसंही तशीच होती, गोरी आणि जास्त तांबूस. कुणाच्या क्लबवर गोल झाला की शेजारचा विरोधक त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याला पेला भरून द्यायचा. चिडवायचेही, पण पेला दिल्यावर.

कोपऱ्यातलं टेबल पिवळ्या-काळ्या मफलरवाल्यांचं. खाणींच्या एका गावचा त्यांचा क्लब, दुसऱ्या दर्जातला, बहुतेक हरणारा. त्यांचा म्होरक्या आल्फ. साठीचा, बंदरात क्रेन बसवणारा इंजिनिअर, नाक बटाट्यासारखं. आंतोनने ओळख करून दिली तसा तो उभा राहिला, मफलर सारखा केला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा भाऊ या बेटावरचा सर्वांत चांगला माणूस आहे. फक्त त्याला फुटबॉल कळत नाही. तो आम्ही जिंकू म्हणतो."

मला लिंबूपाणी मिळालं आणि बशीभर तळलेली हामूर मासळी, बटाट्याच्या जाड फोडींबरोबर. मासा ताजा, मीठ बेताचं. मसाला नव्हताच. मी न बोलता खाल्ला.

निघताना आल्फने सांगितलं की येत्या शुक्रवारी सकाळी सलमाबादच्या वाळूवर लँटर्नचा सामना आहे, तिथल्या वर्कशॉपच्या टीमशी. गोलकीपर रजेवर गेलाय, म्हणून आंतोन उभा राहणार. मी आंतोनकडे पाहिलं. तो पेले पुसत होता.

"पीटर खेळतो त्यांच्याकडून?" मी घरी जाताना विचारलं.

"पुढे खेळतो," तो म्हणाला. "चांगला खेळतो, असं ऐकलंय."

सलमाबाद

सोमवारी मी पीटरचं गाठोडं घेऊन टॅक्सीने निघाले. ड्रायव्हरने मला दुसऱ्याच कॅम्पवर सोडलं. तिथली पंजाबी माणसं माझ्याभोवती जमली. मी पीटर वसईवाला म्हटल्यावर "वो फुटबॉलवाला?" म्हणून त्यांनी मला पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवून योग्य दारी नेऊन पोचवलं.

पत्र्याच्या लांब खोल्या, खाटांवर खाटा, बाहेर दोरीवर कामाचे निळे कपडे वाळत घातलेले. आजूबाजूला गोदामं, लोखंडाचे ढीग, समुद्र कुठे दिसत नाही. पण पीटरच्या खोलीतल्या मालवणच्या आणि केरळच्या पोरांनी दारापुढे कढीपत्त्याचं रोप डब्यात लावलं होतं. सगळे उठून उभे राहिले. कुणीतरी खाटेवर धुतलेली चादर घातली.

पीटर वाळला होता. वेल्डिंगने डोळे लाल. त्याने स्वतः बोंबील भाजले, भात केला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. सौदीकडे जाणाऱ्या पुलाच्या कामाबद्दल तो उत्साहाने सांगत होता. त्यांच्या वर्कशॉपात त्याचे काही सांगाडे होत होते.

"आंतोनकडे ये की," मी शेवटी म्हटलंच.

"बाय, तू आलीस, बरं वाटलं. ते सोडून दुसरं बोल."

"त्याचा पासपोर्ट खरंच अडकला होता रे."

"ज्याला यायचं असतं तो येतो." त्याने ताटं उचलली. "मी लहान, मला पपांच्या पेटीचं पुढचं टोक धरावं लागलं. ती जागा त्याची होती."

ते खरं होतं.

वाळूवरचा सामना

शुक्रवारी सकाळी सलमाबादच्या मागच्या सपाट वाळूवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. तेलाच्या पिंपांचे गोल. उत्तरेचा वारा रेघा उडवून नेत होता, मग एकजण डबा घेऊन पुन्हा मारायचा. एका बाजूला लँटर्नवाले, त्यांच्या बायका घडीच्या खुर्च्यांवर, थर्मासमधून चहा पिणाऱ्या. दुसऱ्या बाजूला सलमाबादची झाडून सगळी पोरं, पिकअपच्या टपावर चढलेली. मी आणि सेलिन मधोमध उभ्या राहिलो. कुठल्या बाजूला जावं ते कळेना.

लँटर्नची टीम पोटांनी भारी आणि दमाने हलकी होती. सलमाबादची पोरं वाळूवर वाऱ्यासारखी पळत होती, अर्धी अनवाणी. पीटर सर्वांत पुढे. पपांनी या दोघांना भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात फुटबॉल शिकवला होता. आंतोन दोन आंब्यांच्या मध्ये उभा राहायचा आणि पीटर मारायचा. आता इतक्या वर्षांनी दोघे तसेच समोरासमोर होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

सलमाबादचे दोन गोल झाले, एक पीटरचा. लँटर्नचाही एक झाला, कसा ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग मधल्या सुट्टीनंतर एक लांब चेंडू पुढे पडला. पीटर त्याच्यामागे धावला, आंतोन गोल सोडून पुढे आला. दोघांपैकी एकही थांबला नाही. डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला.

दोघं वाळूत पडले. आंतोन आधी उठून बसला. पीटरच्या भुवईतून रक्त वाहत होतं. आंतोनने गुडघ्यावर सरकत जाऊन त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आमच्या बोलीत विचारलं, "लागलं का रे?"

पीटर त्याच्याकडे बघत राहिला.

"थोडं," तो म्हणाला.

दोन वर्षांत एवढंच बोलणं. सेलिन पट्टी घेऊन धावली. तिने जखम धुतली, दाबून बांधली, टाके लागणार नाहीत म्हणाली. तोवर आंतोन उठून गोलकडे परत गेला होता. पीटर पिकअपला टेकून बसला. सामना सलमाबादने जिंकला, हे वेगळं सांगायला नको.

मग आल्फ पीटरकडे आला. त्याला ठाऊक नव्हतं की हा आंतोनचा भाऊ. आंतोनने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. पद्धतीप्रमाणे हरणाऱ्याने जेवण द्यायचं, आल्फ म्हणाला, तेव्हा सगळी टीम लँटर्नमध्ये शुक्रवारच्या करीला येणार. मी पीटरला मराठीत सांगितलं. पीटर म्हणाला, "आम्ही असे? या कपड्यांत?" त्याच्या टीमचीही चुळबूळ सुरू झाली. मनाम्यातल्या त्या दारातून आपल्यासारखे ग्राहक म्हणून आत जात नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

"बाय, तू जा," पीटर म्हणाला.

"आई विचारेल, पोरगा जेवला का. काय सांगू?" मी म्हटलं. आईचं नाव असं वापरणं बरोबर नव्हतं, पण उपयोगी पडलं.

पुन्हा लँटर्न

दारात मॅनेजर ब्रायन उभा होता. जाडजूड, गंभीर माणूस. वाळूने भरलेली दहा-बारा पोरं बघून तो म्हणाला, "आल्फ, इथला नियम तुला माहीत आहे. बनियनवर आत सोडत नाही."

"फुटबॉलच्या शर्टावर सोडतोस ना?"

"ते नेहमीच सोडतो."

आल्फ गाडीकडे गेला आणि एक पोतं घेऊन आला. आत त्यांच्या क्लबचे जुने पिवळे-काळे शर्ट. सलमाबादच्या पोरांनी ते तिथेच रस्त्यावर बनियनवर चढवले. बहुतेकांना गुडघ्यापर्यंत आले. ब्रायन बाजूला झाला आणि एकेकाशी हात मिळवून त्याने सगळ्यांना आत घेतलं. आतले लोक आपल्या क्लबाचा एवढा मोठा नवा जत्था बघून टाळ्या वाजवू लागले.

शुक्रवारची करी म्हणजे मटण, भात, पापड, आणि वाटीत कापलेली केळी नि खोबरं. इंग्रज लोक करीवर केळं घालून खातात. मी ते पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. करी मात्र ओळखीची लागली. आंतोनने आईचा मसाला स्वयंपाकघरात दिला होता. पीटरनेही पहिल्या घासाला मान वर केली. आंतोन कपडे बदलून बारमागे उभा राहिला होता. ड्युटी होती त्याची.

आल्फ आमच्या टेबलाशी बसला. मी त्याला म्हटलं, "हा पीटर. माझा आणि आंतोनचा धाकटा भाऊ."

आल्फने पेला खाली ठेवला. पीटरकडे पाहिलं, आंतोनकडे पाहिलं. "म्हणजे ते तुझेही वडील," तो म्हणाला. "फार वाईट वाटलं होतं आम्हाला."

पीटरचं इंग्रजी कामापुरतं. "काय म्हणतो?" त्याने मला विचारलं. मी सांगितलं.

"याला काय माहीत पपांबद्दल?"

मी तेच आल्फला विचारलं. मग आल्फ सांगत गेला आणि मी वाक्यामागून वाक्य पीटरला मराठीत सांगत गेले. पुढचं वाक्य काय आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

तार आली तेव्हा सुट्टीचे दिवस लागले होते, आल्फ म्हणाला. आंतोन ब्रायनला घेऊन पासपोर्ट होता त्या ऑफिसात गेला. दाराला कुलूप. पहारेकऱ्याने "मफी, मफी" म्हणून हात हलवला. कुणी नाही, काही नाही. सुट्टीभर आंतोन रोज त्या बंद दाराशी जाऊन उभा राहायचा. शनिवारी ऑफिस उघडलं तोवर दफन होऊन गेलं होतं. संध्याकाळी तो कामावर आला. ब्रायन घरी जा म्हणाला, तर म्हणाला, घरी काय करू, सेलिन ड्युटीवर आहे.

"आमचा सामना होता त्या संध्याकाळी," आल्फ म्हणाला. "अशा गावात, जिथे आम्ही कधीच जिंकलो नव्हतो. रेडिओ लावला आणि पाहिलं, तर आंतोन पेला भरतोय आणि पेला भरून वाहतोय. त्याला दिसतच नव्हतं. मी काय झालं विचारलं, तेव्हा कुठे त्याने सांगितलं. सातला चर्चमध्ये वडिलांसाठी मिस्साची प्रार्थना आहे, अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन जाऊन येतो, म्हणाला. एकटाच."

मी हे पीटरला सांगितलं.

"मग रेडिओ बंद केला. सगळे गेलो. मफलर घालूनच, दुसरं काही नव्हतं. आमच्यातले कितीतरी जण कधी चर्चला जात नाहीत. कुठे उठायचं, कुठे बसायचं कळेना. सगळे आंतोनकडे बघून उठत-बसत होतो." आल्फने नाक चोळलं. "परत आलो तेव्हा कळलं, आम्ही जिंकलो होतो. पहिल्यांदाच. आणि आमच्यापैकी एकानेही तो सामना ऐकला नाही."

मी सेलिनकडे पाहिलं. "तू का नाही लिहिलंस?"

"त्याने बजावलं होतं," ती म्हणाली. "म्हणाला, लिहिलं तर सबबीसारखं वाटेल. आलो नाही ते नाहीच ना."

पीटर ताटातला भात बोटांनी एका बाजूला सारत होता. मग उठला आणि तो गुडघ्यापर्यंतचा पिवळा शर्ट घालून बारपाशी जाऊन उभा राहिला. मीही मागोमाग गेले. भांडण होईल की काय, अशी भीती मला अजून होतीच.

आंतोनने त्याच्या पट्टीकडे पाहिलं. मग खूप हळू विचारलं, "पपा शेवटी काही बोलले का रे? मला कुणी सांगितलंच नाही."

पीटरने कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "संध्याकाळी केळींना पाणी सोडलं का विचारलं. सोडलं म्हटलं. मग त्यांना वाटलं, तू घरात आहेस. मला म्हणाले, आंतोन दमून आला असेल, त्याला आधी वाढ. मी हो म्हटलं. त्यानंतर बोलले नाहीत."

आंतोनने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मी हे तुला मुद्दाम नाही कळवलं, दादा. तुला ते मिळू नये, असं वाटलं मला."

आंतोन वळला आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत गेला. सेलिन उठू लागली. पीटर म्हणाला, "वहिनी, बसा तुम्ही. मी जातो." बारची फळी उचलून तो भावाच्या मागे गेला. ब्रायनने ते पाहिलं, कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि स्वतः पेले भरायला उभा राहिला. कोपऱ्यात सलमाबादची पोरं आल्फच्या क्लबाचं गाणं शिकत होती, शब्द मल्याळी आणि मालवणी करून.

बराच वेळ झाला तरी दोघं बाहेर येईनात, तेव्हा मी दार ढकलून पाहिलं. आंतोन भांडी ठेवायच्या टेबलापाशी स्टुलावर बसला होता. डोळे पुसलेले होते. पीटर त्याच्यासमोर ताट ठेवून, मोठ्या पातेल्यातून त्याला भात वाढत होता. आंतोन बस म्हणाला, तरी त्याने आणखी एक डाव घातला.